मेण, गुलाबतेल आणि मात्रा : वैद्य गॅलेनचे आयुष्य

थंडी पडू लागली की घरोघरी आरशाजवळ कोल्ड क्रीमची डबी येते. थंडीत लावायचे म्हणून कोल्ड क्रीम, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वास्तविक या नावाचा हिवाळ्याशी काहीही संबंध नाही. मेण, तेल आणि पाणी यांच्या मिश्रणातले पाणी त्वचेवरून उडून जाताना जो गारवा जाणवतो, त्यावरून हे नाव पडले. औषधनिर्मितीच्या इतिहासात हे मिश्रण ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन. रोमन सम्राटांवर उपचार करणारा, दीडशेच्या आसपास ग्रंथ आजही ज्याच्या नावावर उपलब्ध आहेत असा लेखक, आणि पुढची तेराशे वर्षे युरोप व अरब जगातल्या वैद्यकावर ज्याचा शब्द अखेरचा मानला गेला असा हा पुरुष.

वनस्पतींचे अर्क आणि सुगंधी तेले आणून घरच्या घरी चेहऱ्याची तेले, लेप, मलमे तयार करण्याची हौस अलीकडे शहरांतून चांगलीच रुजली आहे. जे झाडापासून निघाले ते निरुपद्रवी, या श्रद्धेवर हा सारा व्यवहार उभा आहे. गॅलेनने ही श्रद्धा कधीच मान्य केली नसती. वनस्पतीत शक्ती आहे, म्हणूनच ती पारखून, तोलून आणि ज्याला लावायची त्याचे अंग ओळखून वापरली पाहिजे, हे त्याने आयुष्यभर सांगितले. त्याच्या अनेक सिद्धांतांना काळाने मोडीत काढले. पण हा आग्रह मात्र टिकून राहिला.

वास्तुविशारदाचा मुलगा

गॅलेनचा जन्म इ. स. १२९ मध्ये पर्गॅमम या संपन्न ग्रीक नगरीत झाला. आजच्या तुर्कस्तानातील बर्गामा ते हेच गाव. त्याचे वडील निकॉन हे वास्तुविशारद होते. भूमिती, गणित आणि खगोलशास्त्रात त्यांना चांगली गती होती. उतारवयात ते शेतीत रमले, पण तिथेही त्यांची चिकित्सक बुद्धी स्वस्थ बसली नाही. गव्हात आणि जवात उगवणारे तण हे गव्हाजवाचेच बिघडलेले रूप असते की वेगळ्या बियांपासून येते, हे पाहण्यासाठी त्यांनी बियाणे निवडून पेरून पाहिले होते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती करून पाहावी, हा धडा मुलाला असा घरीच मिळाला. आई मात्र कमालीची तापट होती. रागाच्या भरात ती दासींना चावत असे, असे गॅलेनने मोकळेपणाने नोंदवून ठेवले आहे. वडिलांचा शांत स्वभाव आणि आईचा संताप यांची तुलना करून आपण कोणाच्या वाटेने जायचे हे त्याने ठरवले खरे. तथापि प्रतिस्पर्ध्यांवर त्याने जे कोरडे ओढले आहेत ते वाचले, की आईचा वारसाही त्याच्याकडे थोडाफार आला होता असे वाटल्यावाचून राहत नाही.

पर्गॅममजवळ आरोग्यदेवता अ‍ॅस्क्लेपियसचे प्रसिद्ध देवस्थान होते. दूरदूरचे रुग्ण तिथे येऊन झोपत आणि स्वप्नात देवाकडून उपचार मिळण्याची वाट पाहत. गॅलेन सोळा-सतरा वर्षांचा असताना निकॉनलाही स्वप्न पडले आणि मुलाला वैद्यक शिकवावे असा कौल मिळाला. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणारा मुलगा वैद्यांच्या पाठशाळेत जाऊ लागला. तो एकोणीस-वीस वर्षांचा असताना वडील वारले. हाती आलेल्या संपत्तीचा उपयोग त्याने शिक्षणासाठी केला. स्मर्ना, कॉरिंथ आणि अखेर अलेक्झांड्रिया असा प्रवास करत त्याने जवळजवळ दहा वर्षे विद्याभ्यासात घालवली.

आखाड्यातली वैद्यकी

इ. स. १५७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गॅलेन मायदेशी परतला आणि पर्गॅममच्या ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. मनोरंजनासाठी एकमेकांशी शस्त्राने लढणारे हे योद्धे सांभाळायला महाग असत आणि त्यांचे मरण मालकाला परवडत नसे. फाटलेले स्नायू आणि उघड्या पडलेल्या शिरा या तरुण वैद्याच्या हाताखालून जाऊ लागल्या. जखमेवर वाइनमध्ये भिजवलेले कापड ठेवायचे आणि ते वाळू द्यायचे नाही, अशी त्याची रीत होती. आधीच्या वैद्यांच्या तुलनेत आपल्या हाती फारच थोडे योद्धे दगावले, याचा त्याला पुढे सार्थ अभिमान वाटे.

इथेच एक गोष्ट त्याच्या ध्यानात पक्की बसली. तेच औषध, तशीच जखम, पण परिणाम मात्र माणसागणिक निराळा. अरबस्तानातून येणारी धुपाची राळ मऊ, ओलसर अंगाच्या माणसाच्या जखमेत मांस भरून आणते आणि कोरड्या, कणखर अंगाच्या माणसाच्या जखमेत मात्र पू धरवते, असे त्याचे निरीक्षण होते. त्याची मीमांसा आज कोणी स्वीकारणार नाही. एकाच्या त्वचेला मानवलेले द्रव्य दुसऱ्याच्या त्वचेला झोंबू शकते, हा त्यामागचा अनुभव मात्र आजच्या त्वचारोगतज्ज्ञांनाही रोजचा आहे.

द्रव्यांची पारख करण्यासाठी गॅलेनने स्वतःचे अंगही वापरले. थाप्सिया नावाच्या वनस्पतीचा रस त्वचेला लागला की भाजल्यासारखी आग होते. त्याने तो आपल्या अंगावर ठिकठिकाणी लावला आणि मग प्रत्येक जागी व्हिनेगर, पाणी, तेल अशी निरनिराळी द्रव्ये लावून कशाने आराम पडतो ते पाहिले. व्हिनेगरचा गुण सर्वांत सरस ठरला. प्रसाधन चेहऱ्याला लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी, असे आज सांगितले जाते. त्या सल्ल्यामागची दृष्टी हीच आहे.

द्रव्यांची पायरी

वनस्पतीची शक्ती मोजायची कशी, हा गॅलेनपुढचा मोठा प्रश्न होता. उष्ण, शीत, कोरडे आणि ओले असे चार गुण त्याने पूर्वसूरींकडून घेतले आणि प्रत्येक गुणाच्या चार पायऱ्या कल्पिल्या. पहिल्या पायरीचे द्रव्य जेमतेम जाणवते. चौथ्या पायरीचे उष्ण द्रव्य अंग जाळते. आपल्याकडे आहारात उष्ण आणि थंड पदार्थांचा जो विचार घराघरांत होतो, त्याच्याशी हे बरेच मिळतेजुळते वाटते; पण गॅलेनचा भर नुसत्या गुणावर नव्हता, त्या गुणाच्या प्रमाणावर होता. द्रव्य उष्ण आहे एवढे सांगून भागत नाही, किती उष्ण आहे तेही सांगितले पाहिजे, असे त्याचे म्हणणे.

हे मोजण्याचे साधन त्याने शोधले तेही विलक्षण होते. माणसाच्या तळहाताची त्वचा सर्व टोकांच्या बरोबर मध्ये आहे, ना फार उष्ण ना फार शीत, ना फार मऊ ना फार कठीण. म्हणून वैद्याने आपला तळहात हीच आपली मोजपट्टी मानावी, असे त्याने लिहिले. एकेरी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ अकरा भागांचा आहे. मिश्र औषधांवर त्याने आणखी दोन मोठे ग्रंथ लिहिले. शरीराच्या अवयवांनुसार रचलेला एक दहा भागांचा, तर औषधांच्या प्रकारांनुसार रचलेला दुसरा सात भागांचा.

औषधाच्या कृतीत आकडा चुकला तर काय अनर्थ होतो, हे त्याला चांगलेच ठाऊक होते. त्या काळी पोथ्या हाताने उतरवल्या जात आणि लेखनिकाच्या हातून अंकाचे चिन्ह सहज बदले. मेनेक्रॅटिस नावाच्या वैद्याने यावर उपाय म्हणून सारी वजने अक्षरांत लिहिली होती. डॅमोक्रॅटिसने तर औषधांच्या कृती पद्यात रचल्या. वृत्त मोडल्याशिवाय प्रमाण बदलताच येत नाही, म्हणून गॅलेनला या पद्यकृतींचे मोठे कौतुक होते. आयुर्वेदाचे ग्रंथ श्लोकांतून शिकलेल्या परंपरेला ही युक्ती अपरिचित वाटणार नाही.

अस्सलाचा शोध

इ. स. १६२ मध्ये गॅलेन रोमला आला. साम्राज्याच्या त्या राजधानीत वैद्यांची दाटी होती आणि स्पर्धा जीवघेणी होती. तत्त्वज्ञ युडेमस याला त्याने अचूक निदान करून बरे केले आणि त्याचा बोलबाला झाला. प्राण्यांचे शवविच्छेदन तो लोकांसमोर करून दाखवी. शत्रूही तितकेच वाढले. इ. स. १६६ मध्ये त्याने रोम सोडले. पण सम्राट मार्कस ऑरेलियस आणि ल्युसियस व्हेरस यांनी त्याला उत्तर इटलीतील अक्विलेया येथील लष्करी तळावर बोलावून घेतले. साथीच्या रोगाने सैन्य पोखरले होते. व्हेरस इ. स. १६९ मध्ये मरण पावला. मार्कसने गॅलेनला जर्मनांविरुद्धच्या मोहिमेवर सोबत नेण्याचे ठरवले होते. परंतु अ‍ॅस्क्लेपियसचा कौल तसा नाही असे सांगून गॅलेनने त्यातून सुटका करून घेतली आणि तो रोममध्ये राजपुत्र कॉमोडसच्या प्रकृतीवर देखरेख करत राहिला.

रोमच्या बाजारात जगातली सारी औषधद्रव्ये मिळत आणि त्याबरोबर सारी भेसळही मिळे. तरुणपणी गॅलेनने एका माणसाला भरपूर पैसे देऊन महागड्या औषधद्रव्यांची हुबेहूब नक्कल कशी करतात ते शिकून घेतले होते. ती विद्या त्याने कुठेही लिहून ठेवली नाही, कारण ती दुष्टांच्या हाती पडेल असे त्याला वाटे. पण नक्कल किती बेमालूम होऊ शकते हे कळल्यावर दुकानदाराच्या शब्दावर विसंबणे त्याने सोडले आणि तो स्वतः उगमाकडे निघाला. लेमनॉस बेटावरच्या औषधी मातीसाठी त्याने समुद्रप्रवास केला. पहिल्या खेपेस जहाज बेटावरच्या भलत्याच गावी लागले, म्हणून तो पुन्हा गेला. या मातीत बोकडाचे रक्त मिसळतात अशी वदंता होती. त्याने तिथल्या लोकांना तसे विचारताच ते हसले. मातीच्या २०,००० मुद्रांकित वड्या घेऊन तो परतला. खनिज द्रव्यांसाठी तो सायप्रसच्या खाणींत गेला, तर पॅलेस्टाइनमध्ये मृत समुद्राच्या परिसरात हिंडला.

या शोधयात्रेतली एक नोंद भारतीय वाचकाला विशेष जवळची वाटेल. फिनिशियात, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनारपट्टीवर, गॅलेनला उंटांच्या तांड्याबरोबर नुकतेच येऊन पोहोचलेले भारतीय लायकियम मिळाले. त्याची नक्कल ज्या वनस्पतीपासून होते ती तांड्याच्या मुलखात उगवत नाही, तेव्हा हा माल अस्सलच असणार, असा त्याने तर्क केला. हे भारतीय लायकियम म्हणजे आपले रसांजन. दारुहळदीची मुळे आणि लाकूड पाण्यात उकळायचे, तो काढा आटवत आटवत घट्ट करायचा आणि वड्या पाडायच्या, ही त्याची कृती. डोळ्यांसाठी आणि त्वचेच्या विकारांसाठी ते वापरले जाई. लायकियमचे नाव कोरलेल्या चिमुकल्या कुप्या ग्रीक वस्त्यांच्या उत्खननांत सापडल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कोष्ठ, गुग्गुळ आणि जटामांसी यांच्याबरोबर लायकियमचे नाव आहे. याच भडोचला पैठण आणि तेर येथूनही बैलगाड्यांतून माल जात असे. म्हणजे घट्ट केलेला वनस्पतिज अर्क दूरदेशी जाऊन त्वचेला लावला जाण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे, आणि तो अस्सल आहे की नाही ही शंकाही तितकीच जुनी आहे.

केवळ दूरच्या द्रव्यांचे वेड मात्र गॅलेनला नव्हते. क्रीट बेटावरून रोमला वनस्पतींच्या पुड्या नाव लिहून येत आणि वैद्य त्या विश्वासाने विकत घेत. त्यातल्या कित्येक वनस्पती रोमच्या आसपासच उगवतात, पण वैद्यांना त्या ओळखता येत नाहीत, म्हणून कोणी तोडत नाही, अशी त्याची तक्रार होती. रोप जमिनीतून वर येते तेव्हापासून ते बी धरेपर्यंत, एकदा नव्हे तर अनेकदा पाहावे, तरच ओळख पटते, असे तो शिष्यांना बजावत असे.

गारवा देणारा लेप

ज्या लेपामुळे गॅलेनचे नाव प्रसाधनांच्या इतिहासात गेले, तो त्याने सौंदर्यासाठी सांगितलेला नव्हता. उपचारपद्धतीवरील त्याच्या मोठ्या ग्रंथात तो तापाच्या रुग्णासाठी येतो. एक भाग स्वच्छ, पांढरे मेण घ्यायचे आणि तीन ते चार भाग गुलाबतेलात ते विरघळवायचे. निवल्यावर खलात घालून त्यात अगदी थंड पाणी थोडे थोडे टाकत, जेवढे मुरेल तेवढे घोटायचे. आणखी गारवा हवा असेल तर किंचित व्हिनेगर घालायचे. हा लेप तापलेल्या छातीपोटावर ठेवायचा आणि गरम झाला की बदलायचा. पाण्याला तेलाचे आणि तेलाला पाण्याचे वावडे. पण मेणाच्या आधाराने आणि चिकाटीने घोटल्याने ती दोन्ही काही काळ एकत्र नांदतात. हे मिश्रण फार टिकत नाही, पाणी सुटू लागते. पुढे टाकणखार घालून ते अधिक पांढरेशुभ्र आणि टिकाऊ करण्यात आले, वनस्पतिज तेलाची जागा खनिज तेलाने घेतली आणि कारखान्यात तयार झालेले कोल्ड क्रीम जगभर पोहोचले. फ्रान्समध्ये मात्र गॅलेनचे सेरा हे जुने नाव दीर्घकाळ टिकून राहिले.

या कृतीतले गुलाबतेल म्हणजे काय, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. गुलाबाच्या ताज्या पाकळ्या ऑलिव्हच्या तेलात मुरवून ते तयार होई. गॅलेनच्या आधीच्या शतकातला वनस्पतितज्ज्ञ डायोस्कोरिडीस याने हाताला मध लावून पाकळ्या तेलात हलक्या हाताने कालवाव्यात, पिळून काढाव्यात आणि पुन्हा नव्या पाकळ्या घालाव्यात, असे सविस्तर सांगितले आहे. म्हणजे ते मूलतः खाण्याचे तेलच, फुलाचा गुण आणि वास उतरलेले. गुलाबाचे ऊर्ध्वपातन करून काढलेले अत्तर त्या काळी ठाऊक नव्हते; ती कला पुढे अरब आणि इराणी जगात भरभराटीला आली. एक किलो गुलाबाचे शुद्ध तेल काढायला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. या हिशेबाने त्याच्या एका थेंबात शंभरएक ग्रॅम पाकळ्यांचे सार असते. जुन्या ग्रंथातली कृती वाचून त्यातल्या मुरवलेल्या तेलाऐवजी बाजारातली ही तीव्र तेले तेवढ्याच मापाने वापरली, तर काय होईल याची कल्पना यावरून यावी.

चेहऱ्यासाठी असे तीव्र तेल १०० मिलिलिटर साध्या तेलात १ मिलिलिटरपेक्षा अधिक असू नये, असा आज सर्वसाधारण संकेत आहे. लिंबूवर्गीय सालींतून दाबून काढलेली काही तेले, विशेषतः बर्गमॉटचे, लावून उन्हात गेल्यास त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठतात. टी ट्री आणि लॅव्हेंडरची तेले हवेच्या संपर्काने जुनी झाली की त्यांची अ‍ॅलर्जी होण्याचा संभव वाढतो. आणि ज्या मिश्रणात पाणी आहे, त्यात टिकवणारे द्रव्य नसेल तर जंतू वाढायला वेळ लागत नाही. गॅलेनला जंतू ठाऊक नव्हते. परंतु त्याचा लेप रुग्णासाठी त्याच वेळी घोटला जाई आणि लगेच वापरला जाई. ताजेपणाचे हे पथ्य घरच्या कृतींत बहुधा विसरले जाते.

प्रसाधन आणि सोंग

सौंदर्याच्या प्रश्नाकडे गॅलेन काहीशा नाखुशीनेच वळला. त्याने दोन विद्यांमध्ये भेद केला. शरीराला निसर्गाने जे दिले आहे, म्हणजे केस, त्वचेची कांती, तिचा निरोगी रंग, ते राखणे ही पहिली विद्या. ती वैद्यकाचाच भाग. नसलेला गोरेपणा किंवा लाली वरून चढवणे, केस रंगवणे किंवा कुरळे करणे ही दुसरी विद्या. तिला तो वैद्यकात स्थान देत नाही. पण राजघराण्यातील स्त्रियांना, आणि खुद्द राजांना, नाही कसे म्हणायचे, ही अडचणही तो मान्य करतो. सम्राट ट्रेजनचा वैद्य क्रिटन याचा चार भागांचा प्रसाधनग्रंथ त्याने वापरला. क्लिओपात्राच्या नावाने चालत आलेल्या प्रसाधनग्रंथातील केस गळण्यावरच्या कृतीही त्याने उतरवून ठेवल्या आहेत. त्या काळच्या रोमन स्त्रिया चेहरा पांढरा करण्यासाठी शिशाचे भस्म लावत असत. ते किती घातक होते हे आज सर्वज्ञात आहे. कांती राखणे आणि रंग चढवणे यांत गॅलेनने मारलेली रेघ आजच्या गोरेपणाच्या बाजारातही कामाची ठरावी.

दरबारातले त्याचे मुख्य काम मात्र निराळेच होते. मार्कस ऑरेलियस विषबाधेवर उतारा म्हणून थेरिअ‍ॅक नावाचे औषध रोज घेत असे. साठहून अधिक घटकांच्या या औषधात सापाचे मांस होते, अफू होती आणि उत्तम दालचिनी होती. ते तयार करण्याची जबाबदारी गॅलेनवर आली, तेव्हा राजवाड्याच्या कोठारातली निरनिराळ्या सम्राटांच्या काळातली दालचिनी चाखून त्याने तिची प्रत ठरवली. मार्कसनंतर कॉमोडसने या औषधाकडे पाठ फिरवली. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसने ते पुन्हा मागितले, त्या वेळी गॅलेनला ट्रेजन आणि हेड्रिअनच्या काळातल्या जुन्या, गुण कमी झालेल्या सालीवर काम भागवावे लागले. जुने द्रव्य दिसायला तेच असले तरी गुणाने तेच राहत नाही, हे त्याने त्या निमित्ताने नोंदवले.

आगीत गेलेला खजिना

इ. स. १९२ मध्ये, हिवाळा सरत असताना, रोममध्ये भीषण आग लागली. शांतिदेवतेचे मंदिर जळाले आणि त्यालगतच्या पवित्र मार्गावरची कोठारेही भस्मसात झाली. ही कोठारे पहाऱ्यातली आणि सर्वांत सुरक्षित समजली जात, म्हणूनच गॅलेनने आपला ठेवा तिथे ठेवला होता. त्यात सोनेचांदी आणि कर्जरोखे होते. जन्मभर जमवलेली औषधद्रव्ये, शस्त्रक्रियेची उपकरणे, स्वतःच्या आणि इतरांच्या ग्रंथांच्या तपासलेल्या प्रतीही होत्या. आणि होत्या चर्मपत्रावरच्या औषधकृतींच्या पोथ्या. त्याच्याच गावच्या एका धनिकाने देशोदेशींहून या कृती विकत घेतल्या होत्या. काहींसाठी तर शंभराहून अधिक सुवर्णनाणी मोजली होती. त्या पोथ्या वारसाकडून गॅलेनकडे आल्या होत्या. ग्रंथांच्या दुसऱ्या प्रती उन्हाळ्यात कॅम्पानियातील आपल्या घरी हलवायचे त्याने ठरवले होते. उन्हाळा येण्याआधीच आग आली.

तेव्हा गॅलेन त्रेसष्ट वर्षांचा होता. एवढे गमावूनही हा माणूस खचला कसा नाही, असा प्रश्न एका स्नेह्याने पत्रातून विचारला. त्याला उत्तर म्हणून गॅलेनने लिहिलेला शोकमुक्तीवरचा छोटा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. २००५ मध्ये ग्रीसमधील थेसालोनिकी येथील एका मठाच्या हस्तलिखितसंग्रहात एका फ्रेंच संशोधकाला तो सापडला आणि या आगीचा तपशील जगाला कळला. गॅलेनचे खरे उत्तर मात्र त्याच्या पुढच्या कामात आहे. औषधांच्या प्रकारांनुसार रचलेल्या ग्रंथाचे पहिले दोन भाग या आगीत गेले होते. ते त्याने नव्याने लिहून काढले. आज आपल्यापर्यंत पोहोचलेला मिश्र औषधांचा हा ग्रंथ म्हणजे राखेतून पुन्हा उभे केलेले काम आहे.

भेसळीचा अनुभव त्याला ग्रंथांच्या बाबतीतही आला. रोमच्या पुस्तकबाजारात त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या एका पोथीवरून दोघांचा वाद चालला होता. त्यातल्या एका जाणकाराने पहिल्या दोन ओळी वाचल्या, ही भाषा गॅलेनची नव्हे हे ओळखले आणि पोथीवरचे त्याचे नाव फाडून टाकले. यानंतर गॅलेनने आपल्या खऱ्या ग्रंथांची यादी सांगणारे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. औषध असो की ग्रंथ, नावाच्या चिठ्ठीवर जाऊ नये, आत काय आहे ते पाहावे, ही त्याची शिकवण त्याच्या स्वतःच्या ग्रंथांनाही अशी लागू पडली.

जालिनूसचा वारसा

त्याच्या मृत्यूचे वर्ष निश्चित नाही. एक परंपरा त्याला सत्तर वर्षांचे आयुष्य देते, तर अरबी परंपरा ८७ वर्षांचे. दुसरी मानली, तर तो इ. स. २१६च्या सुमारास गेला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषेत आणले. तिथे तो जालिनूस झाला. इब्न सीनाने त्याच्या विचारांवर आपला महाग्रंथ रचला आणि युनानी वैद्यकाबरोबर जालिनूसचे नाव भारतातही आले. मुंबई, हैदराबाद किंवा दिल्लीतल्या हकिमांच्या तोंडी ते नाव आजही आहे.

त्याच्या चुका लहान नव्हत्या. माणसाचे शवविच्छेदन त्याला करता आले नाही. माकडे आणि डुकरे यांच्यावरून त्याने मानवी शरीराचे चित्र रेखाटले. १५४३ मध्ये वेसेलियसने त्यातले दोष दाखवून दिले आणि १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडून त्याची रक्ताविषयीची कल्पना मोडीत काढली. चार रसांचा सिद्धांतही इतिहासजमा झाला. अधिकारी पुरुषाचे म्हणणे तपासून पाहण्याचा आग्रह धरणाऱ्या गॅलेनचेच म्हणणे तेराशे वर्षे न तपासता स्वीकारले गेले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

औषधनिर्मितीच्या क्षेत्रात त्याचे नाव मात्र अजून व्यवहारात आहे. वनस्पतींपासून केलेले अर्क, काढे, आसवे, मलमे यांना औषधशास्त्रात गॅलेनिकल म्हणतात. द्रव्य तेच असले तरी ते कोणत्या रूपात, किती मात्रेत आणि कशात मिसळून दिले यावर त्याचा गुण ठरतो, हे ज्या शास्त्राचे सार आहे, त्याला त्याचे नाव मिळावे हे उचितच आहे.

घरच्या ओट्यावर मेण वितळवून त्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकणाऱ्याच्या हाती आज जी कुपी असते, तिच्यातले द्रव्य गॅलेनच्या कोठारातल्या कोणत्याही फुलतेलापेक्षा कितीतरी तीव्र असते. त्याच्या वेळी तोलण्यासाठी तराजू होता, पारखण्यासाठी जीभ होती आणि मोजपट्टी म्हणून तळहात होता. कुपीवर आज वनस्पतीचे नाव असते, मुदत असते, मिलिलिटरचा आकडाही असतो. तो आकडा वाचायचा कंटाळा गॅलेनने कधी केला नसता.